समुद्रातला हत्ती आणि आमची समिती

३ मे, टांगा

काल किहियोसाहेबांच्या मुलीच्या लग्नात बोललो. वधूवरांना आशीर्वाद देणं दोन वाक्यांत आटोपलं आणि मूळ विषयाला हात घातला. "इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पांगानी नदीपलीकडच्या अभयारण्यात, हत्ती जंगलातून निघतो आणि थेट समुद्रात उतरतो. विलायतेतला माणूस विमानं बदलत तो बघायला येतो. आणि तुम्ही? तुम्ही हत्ती पाहिलाय तो फक्त नोटेवर! तीच नोट देऊन कांदे घेता आणि घरी जाता!" मंडप दणाणला. वधूचे वडील रडले. मागाहून कळलं की ते मुलीसाठी रडत होते. पण भाषण चालू असताना रडले, हे खरं.

घरी आल्यावर साउमूने चहा दिला. साउमू म्हणजे माझी पत्नी. चहात साखरेऐवजी मीठ होतं. मोठं भाषण ऐकून माणूस भारावतो, म्हणून मी निमूट प्यालो. ती म्हणाली, "मग जाऊ या ना, रुकियाच्या बाबा. पाऊस उघडला की आपण दोघंच. माझे वडील होडीतून बघायचे. पहाटे हत्तीण पिल्लाला घेऊन लाटांत उभी असायची म्हणे. मला एकदा बघायचंय."

"बघू," मी म्हणालो.

"बघू नाही. मला आता कडेकडेचं दिसेनासं झालंय. दिसतंय तोवर पाहून घेऊ."

दिसतंय तोवर पाहून घेऊ! मी ताडकन उठलो आणि हे वाक्य इथे उतरवलं. जंगलं आणि किनारे डोळ्यांदेखत विकले जाण्याच्या या काळात इतकं धारदार आवाहन मलाही सुचलं नव्हतं. माझ्या सहवासाने या बाईत वक्तृत्व उतरलं आहे.

१० मे

दोघांनीच जायचं शक्य नाही. दोघंच कोण जातं? पळून जाणारी पोरं. आमच्याकडे माणूस लग्नाला उभा राहो की मरो, आधी समिती होते, मग बाकीचं. समितीशिवाय केलेल्या गोष्टीला चोरी म्हणतात.

म्हणून आज आमच्या ओट्यावर 'हत्ती दर्शन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष मी. चिटणीस किहियोसाहेब, ते कस्टममधून निवृत्त झाले असल्याने कुठल्याही कामाला आडवं जाण्याचा त्यांना अनुभव आहे. पोशाख उपसमिती चाउसिकूकडे, तिचं कापडाचं दुकान आहे. भोजन, वाहतूक, सजावट आणि चित्रीकरण अशाही उपसमित्या झाल्या. लग्नाची समिती आम्हाला तोंडपाठ आहे, तीच घडी इथे बसवली. फक्त वधूवरांच्या जागी हत्ती.

वाहतूक मगांगाला द्यावी लागली, कारण व्हॅन त्याची आहे. मगांगा न्यामवेझी जमातीचा, मी झिगुआ. त्याच्या लोकांचं आणि माझ्या लोकांचं पणजोबांपासून थट्टेचं नातं आहे. तो मला भर रस्त्यात गाढव म्हणू शकतो, माझ्या ताटातला मासा उचलू शकतो, उद्या माझ्या मयतीत माझी नक्कल करू शकतो. मी रागावलो तर अब्रू माझी जाते. साउमूला तो 'माझी बायको' म्हणतो.

"मास्तर," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या बायकोला हत्ती बघायचाय, तर हिला गाडीत बसव आणि चल. एवढी माणसं कशाला? हत्तीला सून करून आणायचंय का?"

सगळे हसले. मीही हसलो, हसावं लागतं. साउमू मात्र हसली नाही. ती त्याच्या आवाजाच्या दिशेने बघत होती.

२४ मे

आज साउमू चाउसिकूबरोबर मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवून आली. मी भोजन उपसमितीत अडकलो होतो. डॉक्टर म्हणाला म्हणे, डोळ्यांत दाब वाढलाय, उजवा बराचसा गेला, डावा त्याच वाटेवर आहे. गेलेलं परत येत नाही. औषधाचे थेंब रोज घालायचे, उरलेलं टिकेल तितकं टिकेल. वर्षअखेरीला काय शिल्लक असेल ते सांगता येत नाही.

अतिशयोक्ती हे अलंकारातलं सर्वांत स्वस्त हत्यार आहे. मी ते लांबूनही ओळखतो.

संध्याकाळी थेंब मी घालायचे असं ठरलं. आज बैठक लांबली, म्हणून चाउसिकूने घातले.

८ जून

आनंदाची बातमी. समितीने घोषवाक्य एकमताने मंजूर केलं: 'दिसतंय तोवर पाहून घ्या'. 'घेऊ'चं 'घ्या' मी केलं, कारण घोषवाक्याने लोकांना हलवलं पाहिजे. बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या छापील कापडाच्या, खांग्याच्या काठावर ते छापायचं, आणि त्याच कापडाचे पुरुषांना सदरे. एका रंगात सगळे, लग्नात असतात तसे.

रंगावरून मात्र भांडण लागलं. चाउसिकू म्हणते जांभळा. किहियोसाहेब म्हणतात खाकी, म्हणजे जनावरं बुजणार नाहीत. चाउसिकू म्हणाली, "खाकी नेसून मी हत्तीसमोर जाऊ? त्याला वाटेल कस्टमवाले आले, सामान लपवेल बिचारा." किहियोसाहेब उठून गेले. त्यांना परत आणायला शिष्टमंडळ नेमलं.

जूनअखेरची तारीख पुढे ढकलली. कापडाशिवाय जाणं म्हणजे नागडं जाणं.

साउमूला सांगितलं. ती म्हणाली, "मी जुन्या खांग्यात गेले तर हत्ती आत घेणार नाही का?" बाईमाणसाला संघटनेचं महत्त्व चटकन पटत नाही.

२ जुलै

जांभळा ठरला.

१६ जुलै

अभयारण्याच्या कार्यालयाला फोन केला. पलीकडचा गृहस्थ सभ्य होता, पण दृष्टी संकुचित. आमच्याबरोबर तुताऱ्यांचं पथक येणार, असं सांगितलं. तो म्हणाला, आत वाजवायला परवानगी नाही.

"मग प्रमुख पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं?"

"कोण प्रमुख पाहुणे?"

यावर मीही क्षणभर अडखळलो. लग्नात असतात, म्हणून आम्ही धरले होते. मी म्हणालो, "हत्ती." मग बकरीचा विषय निघाला. भोजन उपसमितीचं म्हणणं, पुलावाला मटण ताजं हवं, म्हणून बकरी जिवंत न्यायची.

"साहेब, आत सिंह आहेत," तो म्हणाला.

"त्यांना जेवणाचं आमंत्रण नाही," मी ठणकावलं.

समितीत निषेधाचा ठराव केला. या देशाचा नागरिक स्वतःच्या जंगलात तुतारी वाजवू शकत नसेल, तर स्वातंत्र्य मिळालं ते कुणाला? मी उभा राहून बोललो. टाळ्या पडल्या. मगांगा तेवढा आत जाऊन साउमूशी गप्पा मारत बसला होता. तिच्याकडून कसाव्याचे कंद उकडून घेऊन खात होता. माझ्याच घरचा कसावा.

५ ऑगस्ट

रुकियाचा दार-ए-सलामहून फोन. "बाबा, आईला फोनवर नंबर लावता येत नाही, चाउसिकूमावशी लावून देते. तुम्हाला माहीत आहे?"

"तुझी आई कामात असते," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही तिला अभयारण्यात नेणार होतात ना?"

"त्याचंच तर चाललंय, बेटा. प्रचंड काम चाललंय."

पोरगी गप्प झाली. कामाचा आवाका ऐकून माणसं अशी गप्प होतात.

१९ ऑगस्ट

साउमू रुसली आहे असं माझं निदान. संध्याकाळनंतर बाहेर पडत नाही. काल दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भात वाढताना निम्मा ताटाबाहेर. विचार केल्यावर कारण सापडलं: एवढ्या उपसमित्या झाल्या, तिला एकीतही घेतलं नाही. घरच्या माणसाचा विसर पडतो, हा सार्वजनिक जीवनाचा शापच आहे. आज तिला समितीची मानद सदस्य केलं. किहियोसाहेबांनी अनुमोदन दिलं.

तिला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

१४ सप्टेंबर

कापड आलं! जांभळ्यावर पांढरे हत्ती, मधोमध लाट, काठाला ठळक अक्षरांत आमचं घोषवाक्य. सगळ्यांत आधी साउमूच्या हातात दिलं. तिने खांगा उलगडला, नाकाजवळ नेला, उजेडाकडे केला, पुन्हा नाकाजवळ आणला. मग माझ्याकडे धरला. "तुम्हीच वाचा."

मी सभेतल्या आवाजात वाचलं: "दिसतंय तोवर पाहून घ्या."

ती हसायला लागली. हसत हसत खाली बसली, डोळ्यांना खांगा लावून हसत राहिली. "अहो, हे माझं आहे."

"होतं," मी म्हणालो. "आता ते साऱ्यांचं झालं."

किती वेळ हसत होती! इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला खरोखर आनंद झालेला पाहिला. खांगा चांगलाच ओला झाला. रंग पक्का आहे, हे त्यानिमित्ताने कळलं.

३० सप्टेंबर

नवी तारीख ठरली, आणि त्याच दिवशी तिघांच्या घरी लग्नं निघाली. तिन्ही समित्यांवर आमचेच सदस्य. नाइलाज.

मगांगा म्हणाला, "मास्तर, ढग बघितलेस? पुढच्या महिन्यात वर्षाचा दुसरा, लहान पावसाळा सुरू होणार. त्या काळ्या मातीत माझी व्हॅन रुतली की तू भाषण करून बाहेर काढशील का?"

मी म्हणालो, पाऊस लांबेल. आमच्या ठरावात तसं गृहीत धरलेलं आहे.

१८ ऑक्टोबर

घटना गंभीर असल्याने तपशीलवार लिहितो. हे मी आत्ता परगावच्या खोलीत, खाटेवर बसून लिहितो आहे.

सकाळी समितीची बैठक ओट्यावर भरली होती. मी सदऱ्यात होतो, जांभळ्या. समारंभाचं माझं भाषण सदस्यांना वाचून दाखवत होतो, 'वन्यप्राणी आणि राष्ट्राचा आत्मा'. तेवढ्यात मगांगाची व्हॅन दाराशी आली. तो हातात पातेलं आणि पळी घेऊन उतरला आणि बडवायला लागला. सारी आळी गोळा झाली.

"ऐका हो ऐका! या घरात लग्न ठरलं मे महिन्यात. सजावट झाली, कापड झालं, बकरी म्हातारी झाली, आणि नवरी अजून ओट्यावर! मी या घराचा थट्टेचा सोयरा. माझ्या हक्काने मी नवरी उचलतोय!"

तो आत गेला आणि साउमूला हाताला धरून बाहेर घेऊन आला. चाउसिकू आधीच व्हॅनमध्ये बसलेली होती. योगायोगाने साउमूची पिशवी भरून दाराशी तयार होती. योगायोगानेच उकडलेला कसावाही एका डब्यात होता.

मी ओरडलो, "मगांगा, हे काय चालवलंस!"

"रागावलास का, मास्तर?" तो लोकांकडे वळून म्हणाला. "रागावला! बघा रे, झिगुआ रागावला!"

मी लगेच हसलो. माझ्या आजोबांनीही अशा वेळी हसूनच दाखवलं असतं. थट्टेच्या सोयऱ्याने काही उचललं की खंडणी देऊन सोडवायचं, एवढाच मार्ग. मी विचारलं, "काय हवं तुला?"

"गाडीत बस. आणि समुद्र दिसेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एक शब्द बोललास तर नवरी माझी."

आळीने टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मी न बोलता मिळालेल्या या पहिल्या टाळ्या. किहियोसाहेब म्हणत होते, "अध्यक्ष, ठरावाशिवाय..." पुढचं ऐकू आलं नाही. व्हॅन सुटली होती आणि मी आत होतो. पायात घरातल्या चपला.

न बोलता प्रवास मी कधी केलेला नव्हता. माणूस बोलत नसला की त्याचं लक्ष भलतीकडे जातं. सुरुवातीला सिसलचे, म्हणजे घायपाताचे, मळे मोजायला लागलो आणि सोडून दिलं. मग साउमूकडे बघत बसलो. ती खिडकीतून बाहेर बघत नव्हती, समोर बघत होती, आणि चाउसिकू तिच्या कानाशी सांगत होती, "आता नारळाची बाग. आता मशीद. आता शाळा सुटलीय." नदीवरच्या फेरीबोटीपाशी सगळे उतरलो. साउमूने व्हॅनची कड चाचपली, पाय हवेत फिरवून जमीन शोधली, आणि मगांगाचा हात धरला. मगांगाने हात आधीच पुढे केलेला होता. त्याला सवय असावी.

मी बोलायला तोंड उघडलं. मगांगाने माझ्याकडे पळी रोखली.

पलीकडे गेल्यावर तो पुटपुटला, "गाढवा, हिने पावसाळ्यापासून ओट्याची पायरी एकटीने उतरलेली नाही. तू कुठे होतास?"

उत्तर मला माहीत होतं. उपसमितीत. पण अट होती, म्हणून दिलं नाही. अट नसती तरी काय दिलं असतं, कोण जाणे.

अभयारण्याच्या कुंपणाबाहेरच्या कोळ्यांच्या गावात खोल्या मिळाल्या. वाटेत मीठ पिकवायची आगरं लागली, मग समुद्र दिसला. अट संपली. मी काही बोललो नाही. मगांगाने दोनदा मागे वळून बघितलं, मी जिवंत आहे का म्हणून.

आज थेंब मी घातले. पहिला गालावर गेला. दुसरा बसला.

१९ ऑक्टोबर

पहाटे वाटाड्याने आम्हाला आतल्या किनाऱ्यावर नेलं. ओहोटी होती. पावसाचे ढग समुद्रावर उतरले होते, वारा पडलेला. बराच वेळ काही नाही. मगांगा म्हणाला, "हत्ती तुझं घोषवाक्य वाचून पळाले." मग झाडीतून ते आले.

ते बघताच माझ्या छातीत भाषण उसळलं, सवयीने. 'वन्यप्राणी आणि राष्ट्राचा आत्मा' मला तोंडपाठ आहे. मी घसा साफ केला.

साउमूने माझी बाही धरली. "आलेत ना? मला करडं करडं काहीतरी हलताना दिसतंय, बास. भाषण नको. काय दिसतंय ते सांगा."

"भव्य," मी म्हणालो. "अतिभव्य असे हे..."

"भव्य म्हणजे काय? सोंड कुठेय?"

मी बघितलं. सोंड कुठे आहे हे मी खरंच बघितलेलं नव्हतं.

"सोंड... वर धरलीय. मोठी आहे तिने. पाय पाण्यात आहेत. लाट आली की सोंड वर करते, गेली की खाली."

"आणि?"

"मागे अजून दोघी आहेत. एकीचा कान फाटलेला आहे. उजवा. नाही, डावा."

"आणि पिल्लू?"

"आहे. पाण्याला घाबरतंय. लाट आली की पळत मागे जातं आणि आईच्या पायाला धडकतं. आता... आता आईने सोंडेने ढकललं त्याला. पाण्यात पडलं."

"बुडलं का हो?"

"नाही, उठलं. आता तिथेच लोळतंय. सगळं अंग ओलं झालंय, काळं दिसतंय. शेपूट सारखं हलतंय."

साउमू हसायला लागली. त्या दिवशी खांगा डोळ्यांना लावून हसली होती तसं नाही. हे हसणं मी ओळखतो, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतलं आहे. मग त्या दिवशीचं कसलं होतं, असा एक प्रश्न मनात आला. तो मी इथे लिहून ठेवतो. उत्तर पुढे कधीतरी.

"माझे वडील असंच सांगायचे," ती म्हणाली. "फाटक्या कानासकट."

हत्ती परत झाडीत गेले तेव्हा पाऊस सुरू झाला. परतताना व्हॅन काळ्या मातीत रुतली. मगांगा म्हणाला, "मास्तर, आता कर भाषण." मी चपला काढल्या आणि ढकलायला उतरलो. सदऱ्याचा रंग पक्का आहे, हे पुन्हा सिद्ध झालं.

१ नोव्हेंबर

समितीची बैठक झाली. ठरावाविना हत्ती पाहिल्याबद्दल अध्यक्षांवर ठपका ठेवण्यात आला, आणि सुखरूप परत आल्याबद्दल त्याच अध्यक्षांचा जाहीर सत्कार करायचं ठरलं. सत्कारासाठी नवी समिती नेमायची आहे. रंग पिवळा असावा, असं चाउसिकू म्हणते. किहियोसाहेबांचं खाकीच.

मला अध्यक्ष व्हा म्हणाले. संध्याकाळी वेळ नसतो, असं सांगितलं. त्यांना धक्का बसला. मलाही बसला.

२६ डिसेंबर

डावा डोळाही आता उजेड आणि अंधार एवढंच सांगतो. रोज थेंब घालतो, पहिलाच बसतो. त्याने काही परत येणार नाही, हे डॉक्टरने मेमध्येच सांगितलं होतं. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो. समोरच्या दाराचा रंग हिरवा आहे. इतकी वर्षं मी त्याला निळा समजत होतो. साउमूने विचारलं म्हणून पाहावं लागलं. आज मगांगा आला, रस्त्यातूनच ओरडत, "मास्तर, माझ्या बायकोला नीट सांग, मी किती देखणा दिसतोय ते!"

"कसा दिसतोय?" साउमूने विचारलं.

"म्हातारा. सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात घातलीय. जांभळाच सदरा आहे, हत्तीवाला. हातात मासा आहे."

"केवढा?"

"कोपरापर्यंत. शेपटीला धरलाय, थेंब गळतायत."

मगांगा ओट्याखाली उभा राहून ऐकत होता.

लग्नात, मयतीत, शाळेच्या मैदानात मी बोललो आहे. पण असा श्रोता मला लाभला नव्हता. टाळी वाजवत नाही. मान डोलवत नाही. मी थांबलो की बाही ओढते आणि म्हणते,

"आणि?"